जुन्या संगणकातील ग्राफिक्स कार्ड बिघडल्यास काय तपासावे, काय दुरुस्त करावे आणि केव्हा बदलावे

तालुक्याच्या गावातील डीटीपीचे दुकान असो, लग्नाचे अल्बम करणारा फोटो स्टुडिओ असो किंवा शाळेतील संगणक कक्ष असो, मराठवाड्यात दहा-बारा वर्षे जुने डेस्कटॉप आजही रोजच्या कामाला जुंपलेले असतात. अशा एखाद्या संगणकाच्या पडद्यावर रेघा उमटू लागल्या, चित्र फाटू लागले किंवा बटण दाबूनही अंधारच राहिला की ‘कार्ड गेले’, म्हणजे पडद्यावरचे चित्र तयार करणारे ग्राफिक्स कार्ड बिघडले, असा निकाल लगेच दिला जातो. हा निकाल पुष्कळदा घाईचा असतो. आपल्या भागातील उन्हाळा, काळ्या मातीची धूळ, वारंवार जाणारी लाईट आणि नावापुरते असलेले अर्थिंग यांचा मार कार्डावर वर्षानुवर्षे बसत असतो. ही कारणे तशीच ठेवून नवे कार्ड बसवले, तर तेही त्याच वाटेने जाते. म्हणून आधी कार्डाच्या भोवतालच्या गोष्टी तपासाव्यात, मग कार्ड उघडावे आणि खरेदीचा विचार त्यानंतरच करावा.

लक्षणांवरून दोष कसा ओळखावा

सर्वांत आधी केबल आणि मॉनिटर बदलून पाहावा. निळ्या व्हीजीए केबलची एखादी पिन वाकली किंवा आतली तार तुटली, तर तीन मूळ रंगांपैकी एक रंग पडद्यावर येत नाही. निळा गेला तर पडदा पिवळा दिसतो, हिरवा गेला तर जांभळट आणि लाल गेला तर निळसर हिरवा दिसतो. असा एकसारखा रंग संपूर्ण पडद्यावर पसरला असेल, तर कार्डाला हात लावण्याचे कारण नाही. पडदा कोरा असेल तर केबल कार्डाच्या पोर्टमध्ये लावली आहे की चुकून मदरबोर्डच्या (संगणकाचा मुख्य बोर्ड) पोर्टमध्ये, हेही पाहावे. साफसफाईसाठी टेबल हलवल्यानंतर आलेल्या तक्रारींत हे कारण अनेकदा सापडते.

त्यानंतर दोष केव्हा दिसतो याकडे लक्ष द्यावे. विंडोज येण्याच्या आधी, बायोसच्या (मदरबोर्डमधील सुरुवातीचा प्रोग्राम) पडद्यावरच ठरावीक अंतरावर रंगीत ठिपके, उभ्या रेघा किंवा चुकीची अक्षरे दिसत असतील, तर दोष ड्रायव्हरचा (विंडोजला कार्ड चालवू देणारा प्रोग्राम) नाही, कारण त्या क्षणी ड्रायव्हर सुरूच झालेला नसतो. तो बहुतेक कार्डाच्या मेमरीचा किंवा मुख्य चिपचा असतो. याउलट विंडोज व्यवस्थित सुरू होते, टायपिंग चालते, पण व्हिडिओ लावताच किंवा फोटोशॉप उघडताच पडदा क्षणभर काळा होतो आणि डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवल्याची सूचना येते, तेव्हा कार्डाने ठरलेल्या मुदतीत, म्हणजे साधारण २ सेकंदांत, उत्तर दिले नाही म्हणून विंडोजने ड्रायव्हर पुन्हा सुरू केलेला असतो. यामागे ड्रायव्हर, उष्णता, अपुरी वीज किंवा निकामी होत चाललेली चिप यांपैकी काहीही असू शकते, त्यामुळे या एका सूचनेवरून निष्कर्ष काढू नये. संगणक थंड असताना ठीक चालत असेल आणि तापल्यावरच अडत असेल, तर आधी धूळ आणि थर्मल पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंककडे, म्हणजे धातूच्या पात्यांकडे, नेणारा लेप) यांच्यावर संशय घ्यावा.

पडद्यावर खराबी दिसत असतानाच स्क्रीनशॉट घ्यावा आणि तो मोबाईलवर उघडून पाहावा, ही एक सोपी आणि उपयुक्त चाचणी आहे. मोबाईलवरही तेच ठिपके दिसले तर चित्र कार्डाच्या आत तयार होतानाच बिघडले आहे. मोबाईलवर चित्र स्वच्छ दिसले तर दोष चित्र बाहेर नेणाऱ्या भागात, केबलमध्ये किंवा मॉनिटरमध्ये आहे.

पडद्यावर काहीच येत नसेल तर बीप ऐकावेत. जुन्या अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप, तर एएमआय बायोसमध्ये आठ बीप हे डिस्प्लेच्या दोषाकडे बोट दाखवतात. बीप कंपनीगणिक वेगळे असतात, त्यामुळे शक्य असेल तेव्हा मदरबोर्डच्या पुस्तिकेशी पडताळून घ्यावेत.

वीज आणि अर्थिंग

हा भाग बहुतेक जण वगळतात, आणि आपल्याकडे नेमका हाच सर्वांत महत्त्वाचा आहे. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येत असतील, तर त्या घराच्या किंवा दुकानाच्या सॉकेटमध्ये अर्थिंग नाही, असे समजावे. एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, आत विजेतील गोंगाट गाळण्यासाठी बसवलेले छोटे कपॅसिटर कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थिंगची तार तुटलेली असली की त्यांच्यातून येणारा दाब पत्र्यावर साचून राहतो, आणि तो मुख्य दाबाच्या निम्म्यापर्यंत असू शकतो. अशा स्थितीत संगणक आणि मॉनिटर चालू ठेवून एचडीएमआय किंवा व्हीजीए केबल काढली-घातली, तर तो दाब कार्डाच्या पोर्टमधून वाट काढतो आणि पोर्ट किंवा चिप जळते. सॉकेटची तपासणी वायरमनकडूनच करून घ्यावी, आणि केबल जोडण्यापूर्वी दोन्ही यंत्रांचे प्लग काढण्याची सवय लावावी.

लाईट गेल्यावर संगणकाचे मेन बटण बंद करावे आणि लाईट आल्यानंतर काही मिनिटे थांबूनच सुरू करावे. गावातील सगळे पंप, पंखे आणि फ्रिज एकदम सुरू होण्याचा तो काळ असतो आणि दाब वरखाली होत राहतो.

एसएमपीएसची परीक्षा मल्टीमीटरने करता येते. संगणक चालू असताना चार पिनांच्या मोकळ्या मोलेक्स कनेक्टरमध्ये पिवळी आणि काळी तार यांच्यात १२ व्होल्ट, तर लाल आणि काळी यांच्यात ५ व्होल्ट मिळायला हवेत. पाच टक्के कमी-जास्त चालते, म्हणजे पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ आणि लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट. काम सुरू करताच पिवळ्या तारेवरील आकडा ११.४ च्या खाली घसरत असेल, तर पडद्यावरचा दोष कार्डाचा वाटला तरी बदलायचा आहे तो एसएमपीएस. प्रोबच्या टोकाने दोन पिना एकमेकींना टेकणार नाहीत याची काळजी घ्यावी, आणि एसएमपीएसचा डबा स्वतः कधीही उघडू नये, कारण प्लग काढल्यानंतरही आतील मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब काही काळ राहतो.

ड्रायव्हरची शंका फेडून घ्यावी

विंडोज सुरू होत असेल तर ते सेफ मोडमध्ये उघडून डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर या मोफत साधनाने जुना ड्रायव्हर पूर्ण काढावा आणि कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून त्या मॉडेलचा ड्रायव्हर पुन्हा घालावा. या काळात इंटरनेट बंद ठेवावे, नाहीतर विंडोज आपल्या मनाने दुसराच ड्रायव्हर बसवते. यानंतरही दोष तसाच राहिला तर कॅबिनेट उघडण्याची वेळ आली.

कार्ड काढणे आणि स्वच्छ करणे

प्लग काढून पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे उरलेली वीज निघून जाते. हिवाळ्यातील कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साचते, म्हणून कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला स्पर्श करून मगच कार्डाला हात लावावा. मागचा स्क्रू काढल्यानंतर स्लॉटच्या टोकाला असलेली प्लास्टिकची कडी दाबावी लागते. ती न दाबता कार्ड ओढले तर कडी तुटते, आणि कधी स्लॉटच मदरबोर्डवरून उचकटतो. सहा किंवा आठ पिनांची वीज-जोडणी असेल तर ती आधी सोडवावी.

कार्ड हातात आल्यावर उजेडात धरून नीट न्याहाळावे. उभ्या, दंडगोल कपॅसिटरच्या माथ्यावर फुलीसारखी खाच असते. माथा सपाट असेल तर तो ठीक आहे. तो फुगून घुमटाकार झाला असेल, खाच उकलली असेल किंवा तेथे तपकिरी खपली दिसत असेल, तर तो कपॅसिटर गेलेला आहे. हा दोष खरोखर दुरुस्त होतो आणि टीव्ही दुरुस्त करणारा कोणताही चांगला कारागीर तो करू शकतो. मात्र बदली कपॅसिटर तितक्याच मायक्रोफॅरडचा, तितक्याच किंवा अधिक व्होल्टचा, १०५ अंशांचा आणि कमी अंतर्गत रोध असलेला हवा, आणि धन-ऋण टोके तपासूनच तो लावला पाहिजे.

धूळ काढण्यासाठी ब्लोअर वापरताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. मोकळा सोडल्यास पंखा वाजवीपेक्षा जास्त वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. परभणी, जालना किंवा बीडच्या कापूसपट्ट्यात जिनिंगजवळच्या दुकानांत धुळीबरोबर कापसाचे तंतूही हीटसिंकच्या पात्यांमध्ये अडकतात, आणि सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत बारीक भुसा सगळीकडे उडत असतो. पंख्याच्या खाली या सगळ्याची नमद्यासारखी दाट चादर तयार होते. ती ब्लोअरने निघत नाही, त्यामुळे पंखा उतरवून मऊ ब्रशने आणि चिमट्याने ती काढावी लागते.

सोनेरी संपर्कपट्टी खोडरबरने घासण्याची पद्धत आपल्याकडे सर्वत्र आहे. मऊ पांढऱ्या खोडरबरने हलके पुसायला हरकत नाही, पण शाईच्या खोडरबरमध्ये बारीक वाळू असते आणि ती सोन्याचा पातळ मुलामा खरवडून टाकते. पुसल्यानंतर रबराचे कण आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करावेत. हे मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात मिळते. हातांच्या सॅनिटायझरमध्ये बहुधा ग्लिसरीन असते, म्हणून ते वापरू नये.

आता थर्मल पेस्ट. हीटसिंकचे मागील चार स्क्रू तिरप्या क्रमाने थोडेथोडे सैल करावेत. हीटसिंक चिकटून बसला असेल तर ओढून न काढता हलकेच डावी-उजवीकडे फिरवावा. अनेक वर्षे न बदललेली पेस्ट पांढरट, कोरडी आणि भेगाळलेली दिसते. ती अल्कोहोलने दोन्ही बाजूंनी पूर्ण काढून चिपच्या मध्यभागी मटारच्या अर्ध्या दाण्याएवढी नवी पेस्ट ठेवावी आणि स्क्रू पुन्हा तिरप्या क्रमाने आवळावेत. मेमरी चिपांवर थर्मल पॅड असतील तर त्यांची जाडी जपावी. फाटलेला पॅड बदलताना १ मिलिमीटरच्या जागी दीड मिलिमीटरचा बसवला, तर हीटसिंक मुख्य चिपपासून वर उचलला जातो आणि कार्ड आधीपेक्षा जास्त तापते.

पंखा अडखळत असेल किंवा सुरू होताना घरघरत असेल, तर त्याच्या मध्यावरील गोल स्टिकर एका बाजूने उचलून पाहावा. खाली आस दिसत असेल किंवा रबरी बूच असेल, तर तेथे शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा, पाते हाताने फिरवावे आणि जागा कोरडी करून स्टिकर पुन्हा चिकटवावा. खोबरेल तेल मुळीच घालू नये, कारण ते २४ अंशांच्या आसपास गोठते आणि थंडीत सकाळी पंखा जागचा हलत नाही. स्टिकरखाली बंद प्लास्टिक असेल तर त्या पंख्यात तेल घालता येत नाही. तेव्हा त्याच मापाचा आणि तितक्याच तारांचा पंखा घ्यावा.

सगळे परत बसवल्यावर जीपीयू-झेड या मोफत साधनात तापमान पाहावे. कामाच्या भाराखाली ८५ अंशांच्या आत राहिले तर जुन्या कार्डासाठी ते ठीक आहे. मात्र ही चाचणी डिसेंबरात केली असेल तर हे लक्षात घ्यावे की खोलीचे तापमान जितके वाढते, जवळजवळ तितकेच कार्डाचेही वाढते. खोलीत २५ अंश असताना ८० दाखवणारे कार्ड मे महिन्यात पत्र्याच्या छताखाली ४० अंशांत ९५ पर्यंत जाईल.

चिप तापवून कार्ड ‘जिवंत’ करणे

स्वच्छता, पेस्ट, वीज आणि ड्रायव्हर हे सगळे ठीक करूनही बायोसच्या पडद्यावर ठिपके येत असतील, तर मुख्य चिप किंवा मेमरी निकामी होत आहे. अशा वेळी कार्ड ओव्हनमध्ये किंवा हॉट एअर गनखाली तापवण्याचा सल्ला हमखास मिळतो. माझे स्पष्ट मत असे आहे की हा मार्ग घेऊ नये. २००६ नंतरच्या कार्डांत बहुधा शिसेविरहित सोल्डर असते आणि ते सुमारे २१७ अंशांना वितळते. घरगुती ओव्हनमध्ये त्या तापमानाला प्लास्टिक वितळते, कपॅसिटर फुटतात आणि विषारी धूर ज्यात अन्न शिजते त्याच भांड्यात बसतो. शिवाय पुष्कळ वेळा तडा बोर्डाच्या सोल्डरला नव्हे, तर चिपच्या आतील सूक्ष्म जोडण्यांना गेलेला असतो. उष्णतेने त्या तात्पुरत्या जुळतात, कार्ड काही दिवस किंवा आठवडे चालते आणि पुन्हा बंद पडते. योग्य यंत्रावर केलेले रिबॉलिंगही (चिप काढून तिच्याखालचे सोल्डरचे गोळे नवे बसवणे) याच कारणाने जुन्या, स्वस्त कार्डाच्या बाबतीत पैसे वसूल करून देत नाही.

कार्डाची गरज खरोखर आहे का

कार्ड काढून टाकून मॉनिटर मदरबोर्डच्या पोर्टला जोडून पाहावा. आपल्याकडे जी३१, जी४१ आणि एच६१ जातीचे बोर्ड असंख्य संगणकांत आहेत. पहिल्या दोहोंत ग्राफिक्स बोर्डाच्या चिपसेटमध्येच असते, तर एच६१ वर ते प्रोसेसरमध्ये असते आणि थोडे अपवाद वगळता त्या पिढीच्या कोअर प्रोसेसरांत ते सापडते. पडदा आला नाही तर बोर्डावरील बटण-सेल काही मिनिटे काढून बायोसच्या मांडण्या मूळपदी आणाव्यात. टायपिंग, टॅली, लग्नपत्रिकांची जुळणी, ऑनलाईन अर्ज आणि शाळेचे काम यांना एवढे ग्राफिक्स पुरते. अशा ठिकाणी नव्या कार्डावर खर्च करण्यापेक्षा तोच पैसा एसएसडीवर (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) घालावा. व्हिडिओ एडिटिंग, मोठ्या फाईलींचे फोटोशॉप किंवा त्रिमितीय काम असेल तरच कार्ड घ्यावे.

नवे कार्ड निवडताना

निवड दुकानदाराकडे काय शिल्लक आहे यावर नव्हे, तर आपल्या एसएमपीएसवर आणि मॉनिटरच्या पोर्टवर ठरली पाहिजे. पीसीआय एक्स्प्रेसचा लांब स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट देतो, सहा पिनांची जोडणी आणखी ७५ आणि आठ पिनांची १५० वॉट. स्वस्त एसएमपीएसवर ४५० वॉट असे ठळक छापलेले असले तरी त्याच्या बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचावे. तेथे १४ अँपिअर असतील तर १२ व्होल्टवर जेमतेम १६८ वॉटच मिळतात, आणि त्यातूनच प्रोसेसरही चालतो. म्हणून जुन्या संगणकासाठी वेगळी वीज-जोडणी न लागणारे कार्डच घ्यावे. मोलेक्सवरून सहा पिना काढणारी स्वस्त तार लावून मोठे कार्ड चालवू नये, कारण अशा तारांचे कनेक्टर वितळतात.

एनव्हिडिया कंपनीचे जीटी ७१० हे १९ वॉटचे कार्ड केवळ पडदा येण्यापुरते आहे. त्याच्या अनेक प्रकारांत व्हीजीए पोर्ट मिळतो, ही त्याची जमेची बाजू आहे. पण त्या पिढीच्या कार्डांना नियमित नवे ड्रायव्हर मिळणे २०२१ मध्येच थांबले. जीटी १०३० हे ३० वॉटचे आहे, मात्र त्याची डीडीआर४ मेमरीची आवृत्ती मूळ जीडीडीआर५ आवृत्तीपेक्षा बरीच मंद आहे, त्यामुळे खोक्यावरील बारीक अक्षरे वाचल्याशिवाय घेऊ नये. जीटीएक्स १०५० टीआय आणि जीटीएक्स १६५० ही दोन्ही ७५ वॉटची आहेत आणि दोहोंचे वीज-जोडणी न लागणारे प्रकार मिळतात. त्यांतील दुसऱ्याची पिढी नवी असल्याने, ड्रायव्हरच्या दृष्टीने तेच अधिक काळ साथ देईल.

जुन्या मॉनिटरला फक्त व्हीजीए असेल, तर पोर्टचा विचार आधीच करावा. जीटीएक्स १० मालिकेपासून व्हीजीएला लागणारा अॅनालॉग संकेत बंद झाला आहे, त्यामुळे डीव्हीआयवर लावायचा साधा जोड तेथे चालत नाही. एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा, आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. कार्डाची लांबी आणि बारीक कॅबिनेट असल्यास कार्डाच्या मागच्या पट्टीची उंचीही मोजून जावे. युईएफआय (बायोसची नवी पद्धत) नसलेल्या फार जुन्या बोर्डावर काही नवी कार्डे पडदाच देत नाहीत, म्हणून शक्य असेल तर कार्ड आपल्या संगणकावर लावून दाखवण्याच्या अटीवरच घ्यावे. त्यासाठी बायोस अद्ययावत करावा लागला तर यूपीएसशिवाय ते काम करू नये, कारण मध्येच लाईट गेली तर मदरबोर्डही हातचा जातो.

वापरलेले कार्ड घेताना फसवणूक बरीच होते. जुन्या जीटीएस ४५० सारख्या कार्डाचा बायोस बदलून त्यावर जीटीएक्स १०५० टीआयचे नाव चढवलेले असते आणि विंडोजही तेच नाव दाखवते. जीपीयू-झेडच्या २०१८ नंतरच्या आवृत्त्या अशी अनेक कार्डे ओळखून नावापुढे ‘फेक’ असा शिक्का देतात. पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याच्याच संगणकावर हे साधन उघडून पाहावे, आणि अर्धा तास भार देऊन ठिपके येतात का तेही तपासावे.

बसवणे आणि पहिला आठवडा

जुना ड्रायव्हर काढून, संगणक बंद करून, प्लग काढून कार्ड स्लॉटमध्ये सरळ दाबावे. कडी ‘टक्’ असा आवाज करून बसली की मागचा स्क्रू आवळावा. स्क्रू आवळताना कार्डाचे दुसरे टोक उचलले जात नाही ना, हे बाजूने पाहावे. कॅबिनेटच्या पत्र्याला बाक असला की हे होते आणि पडदा अधूनमधून जातो. पडदा आल्यावर नवा ड्रायव्हर घालावा, एक तास रोजचेच जड काम करून पाहावे आणि खोलीचे व कार्डाचे तापमान तारखेसह कागदावर लिहून कॅबिनेटच्या आत चिकटवावे. पुढच्या वेळी उघडणाऱ्याला तुलना करता येते. जीएसटीचे पक्के बिल घ्यावे आणि त्यावर कार्डाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा, कारण वॉरंटीचा दावा करताना तो मागितला जातो. खोके आणि आतील पिशवी वॉरंटी संपेपर्यंत जपून ठेवावी. जुन्या कार्डाचा पंखा आणि हीटसिंक चांगले असतील तर काढून ठेवावेत, आणि उरलेला बोर्ड भंगारात न देता अधिकृत ई-कचरा संकलकाकडे किंवा असा कचरा जमा करणाऱ्या दुकानात द्यावा.